तालमीतली सबुरी

तालमीच्या बोलीत गेल्या काही वर्षांत एक नवा शब्द येऊन बसला आहे. शब्द इंग्रजी आहे, पण कोल्हापूर-सांगलीकडच्या आखाड्यात आज तो नुकताच लंगोट लावू लागलेल्या पोराच्या तोंडीही ऐकू येतो. तो शब्द म्हणजे ‘लिगामेंट’. “अमका हल्ली दिसत नाही तो?” असे विचारावे, तर उत्तर येते, “त्याची लिगामेंट गेली.” गेली म्हणजे काय झाले, ती होती कोठे, आणि जाण्यापूर्वी ती राखता आली असती की नाही, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. आजचे माझे बोलणे या शेवटच्या प्रश्नाविषयी आहे.

मी डॉक्टर नव्हे, आणि वस्तादही नव्हे. महाविद्यालयात इतिहास शिकवणारा एक मास्तर आहे. पण माझ्यासमोर बाकांवर जी मुले बसतात, त्यांतली बरीचशी सकाळी कोठे ना कोठे अंग मेहनतीला लावून आलेली असतात. कोणी तालमीत जातो, कोणी मलखांबावर, कोणी कराटेच्या वर्गाला, तर कोणी पोलीसभरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळतो. त्यांतला एखादा मग काखेत कुबडी घेऊन वर्गात येतो. हकिगत बहुधा ठरलेली असते. अंगात ताकद येऊ लागली, हुरूप वाढला, आणि नेमके त्याच वेळी काहीतरी तुटले. ताकद नव्हती तेव्हा काही झाले नाही. ताकद आली आणि झाले! हे कोडे मला पडले. त्यापायी जे वाचले, जाणत्यांना जे विचारले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आधी शरीराची थोडी ओळख करून घेऊ. आपण ‘स्नायू’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात असते ते मांस: दंडाची बेटकुळी, पोटरीचा गोळा. पण हे मांस स्वतः हाडाला धरून नसते. त्याच्या टोकाशी ते निमुळते होत जाते आणि पांढऱ्या, चकचकीत, चिवट अशा दोरीत त्याचे रूपांतर होते. ही दोरी हाडात रुजलेली असते. तिला कंडरा म्हणतात. आपल्या टाचेच्या वर, मागच्या बाजूला, बोटांनी चाचपून पाहा. जाडजूड दोरी हाताला लागेल. ती शरीरातली सर्वांत जाड कंडरा. आता सांधा घ्या. तेथे दोन हाडे एकमेकांपासून निसटू नयेत म्हणून तशाच चिवट पट्ट्या असतात. ते अस्थिबंध, तालमीतली ‘लिगामेंट’ ती हीच. थोडक्यात सांगायचे, तर मांसाला हाडाशी बांधते ती कंडरा, आणि हाडाला हाडाशी बांधतो तो अस्थिबंध. दोन्ही मुख्यतः एकाच द्रव्याचे, कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे, वळलेले असतात.

हे ज्ञान आपल्याकडे नवे नाही. सुश्रुताने शारीरस्थानात ९०० स्नायू आणि १६ कंडरा सांगितल्या आहेत. मात्र त्याचा ‘स्नायू’ म्हणजे आपली बेटकुळी नव्हे. तिला तो ‘पेशी’ म्हणतो. त्याचा स्नायू म्हणजे बंधन. त्याने दिलेला दृष्टान्त फार बोलका आहे. फळ्या पुष्कळ बंधनांनी नीट बांधल्या म्हणजे नाव जशी पाण्यात माणसांचा भार वाहते, तसे सांधे या बंधनांनी बांधलेले असल्यामुळे माणूस भार वाहू शकतो, असे तो म्हणतो. आणि पुढे असेही बजावतो, की हाड, मांस, शिरा किंवा सांधा यांच्या इजेपेक्षा या बंधनाची इजा माणसाला अधिक घातक होते. गुडघ्याची ‘लिगामेंट’ गेलेल्या पैलवानाला सुश्रुताचे हे म्हणणे समजावून सांगावे लागणार नाही.

आता मूळ कोड्याकडे वळू. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी विहिरीवरची मोट पाहिली असेल. बैल उतारावर चालू लागले की नाडा ताठ होई आणि पाण्याने भरलेली मोट वर येई. समजा, एखाद्या शेतकऱ्याने बैलजोडी बदलली, दांडगे खिलारी बैल आणले, मोटही मोठी केली, पण नाडा मात्र जुनाच ठेवला. काय होईल? बैल जितके जोमदार, तितका नाडा लवकर तुटेल. आपल्या शरीरात मांस म्हणजे बैल आणि कंडरा-अस्थिबंध म्हणजे नाडा. आणि निसर्गाची व्यवस्था अशी आहे, की बैल भराभर पोसतात आणि नाडा मात्र अतिशय सावकाश वळला जातो. मेहनत सुरू केल्यापासून काही महिन्यांनी बैल पुढे गेलेले असतात आणि नाडा मागे राहिलेला असतो. पैलवानाचा घात बहुधा या अंतरात होतो.

नाडा मागे का राहतो? मांस लाल का दिसते आणि कंडरा पांढरी का, यातच निम्मे उत्तर आहे. मांसात रक्त खेळते. कंडरेत रक्तवाहिन्या थोड्या आणि जिवंत पेशीही विरळ. टाचेमागच्या कंडरेत तर टाचेच्या हाडापासून साधारण २ ते ६ सेंटिमीटर वरचा भाग रक्तपुरवठ्याच्या दृष्टीने फार गरीब समजला जातो, आणि ही कंडरा तुटते ती पुष्कळदा तेथेच. जेथे रसद कमी, तेथे दुरुस्तीही धिमी.

किती धिमी, याचा शोध मोठ्या विलक्षण रीतीने लागला. १९५५ ते १९६३ या काळात बड्या राष्ट्रांनी उघड्या वातावरणात अणुबाँबच्या चाचण्या केल्या. त्यांमुळे हवेतल्या किरणोत्सर्गी कार्बनचे प्रमाण एकदम वाढले आणि नंतर हळूहळू उतरत गेले. अन्नावाटे तो कार्बन माणसांच्या शरीरात गेला. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ साली याचा उपयोग करून टाचेमागच्या कंडरेचे वय काढले. असे आढळले, की मांस आयुष्यभर नवे होत राहते, पण कंडरेचा गाभा माणसाच्या वयाच्या साधारण सतराव्या वर्षापर्यंत जो घडतो, तोच पुढे जवळजवळ जन्मभर राहतो. म्हणजे पन्नाशीतला गृहस्थ ज्या कंडरेवर चालतो, तिचा गाभा त्याच्या शाळकरी वयातला असतो! जन्माची शिदोरी म्हणतात ती अशी.

मग सतरा वर्षांनंतर मेहनत करून काही उपयोग नाही की काय? तसे नाही. गाभा बदलत नसला, तरी मेहनतीने कंडरा अधिक ताठर होते, तिचे बाहेरचे थर काहीसे भरतात. बॅडमिंटन आणि तलवारबाजी खेळणाऱ्यांचा जो पाय वारंवार पुढे पडतो, त्या पायाच्या गुडघ्याखालची कंडरा दुसऱ्या पायापेक्षा जाड असल्याचे मोजून पाहिलेले आहे. पण या बदलाला वेळ लागतो. जपानमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेहनतीचा परिणाम महिन्यामहिन्याने मोजला गेला. स्नायूंचे बळ आधी वाढले. कंडरेत स्पष्ट फरक दिसायला ३ महिने लागले. आणि मेहनत थांबवल्यावर गंमत अशी झाली, की स्नायूंचे बळ बरेचसे टिकले, पण कंडरेने मिळवलेले तेवढ्यात गेले. नाडा सावकाश येतो आणि चटकन जातो.

माझ्या वर्गात काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला मुलगा होता. अंगाने शेलाटा, पण डाव चपळ. त्याच्या वडिलांनी त्याच्या खुराकासाठी गोठ्यातली एक म्हैस वेगळी राखली होती. तिचे दूध ते डेअरीला घालीत नसत. शहरात आल्यावर मुलाने जिमचा रस्ता धरला आणि ४ महिन्यांत आठ किलो वजन वाढवले. सगळे मांसच. गावच्या यात्रेत त्याने आपल्यापेक्षा वरच्या जोडीची कुस्ती धरली. प्रतिस्पर्ध्याने एकेरी पट काढला, याचा पाय रोवलेला राहिला, अंग फिरले आणि गुडघ्यातून आवाज आला. अशा अपघाताचे कारण एकच असते असे मी म्हणणार नाही. पण चार महिन्यांचे बैल आणि जुना नाडा, ही जोडी त्या दिवशी आखाड्यात उतरली होती, हे खरे.

शस्त्रक्रिया झाली. अशा शस्त्रक्रियेत पुष्कळदा रुग्णाच्याच मांडीमागची कंडरा काढून गुडघ्यात अस्थिबंधाच्या जागी बसवतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नवी बसवलेली दोरी पहिल्या दिवसापेक्षा पुढल्या काही आठवड्यांत अधिक दुबळी होते; कारण शरीर तिच्यात नव्या रक्तवाहिन्या घालीत असते, जुने मोडून नवे विणत असते. वेदना तेव्हा गेलेली असते, सूज उतरलेली असते, पोरगा जिने चढू लागलेला असतो. म्हणूनच जाणते शल्यवैद्य निदान ९ महिने आखाड्याचे नाव काढू देत नाहीत. हा मुलगा पाचव्या महिन्यात मातीत उतरला. गुडघा पुन्हा गेला. पुढे त्याने पदवी घेतली, नोकरीला लागला, सारे यथास्थित झाले. कुस्ती मात्र सुटली. म्हशीचे दूध आता डेअरीला जाते.

आता आपल्या जुन्या तालमीकडे पाहू. पोरगा पहिल्या दिवशी आला की वस्ताद त्याच्या हाती फावडे देत. आधी हौदातली माती उकर. महिनेच्या महिने माती उकरणे, नमस्कार, जोर, बैठका. मग थोडी झटापट. आणि मग कोठे एकेक डाव. पोराला वाटे, वस्ताद आपल्याला राबवून घेतात. पण माती उकरताना खांदे, मनगटे, कंबर आणि घोटे यांच्यावर बेताचा भार पडे, अंग ऊन होई आणि सांधे मोकळे होत. शिवाय त्याच्याबरोबरची मोठी पोरे त्याला खेळवीत, पाडीत नसत. यामागे कोलॅजनचे शास्त्र कोणाला ठाऊक नव्हते. पण पिढ्यान्‌पिढ्या पोरे कशाने मोडतात आणि कशाने टिकतात, हे पाहून पाहून तो क्रम बसला होता.

मलखांबात तर हा क्रम आरशासारखा स्वच्छ दिसतो. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने लिहविलेल्या ‘मानसोल्लासा’त मल्लांच्या मेहनतीत स्तंभावरच्या श्रमाचा उल्लेख आहे, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नवे आयुष्य दिले, हे आपण जाणताच. मलखांबावर आधी काय शिकवतात? सलामी आणि अढी. म्हणजे नुसते धरून राहणे. मांड्यांनी, हातांनी एरंडेल लावलेला खांब आवळायचा आणि स्थिर राहायचे. मग त्याच स्थितीतून सावकाश फिरणे, उलटे होणे. फरारे आणि उड्या त्यानंतर. आधी धरणे, मग सावकाश हलवणे, मग झटका. आज कंडरेच्या दुखण्यावर उपचार करणारे तज्ज्ञ रुग्णाला जो व्यायाम सांगतात, त्याचा क्रमही हाच असतो. प्रथम एका जागी ताण धरून ठेवणे, पुढे जड वजन सावकाश उचलणे-उतरवणे, आणि सर्वांत शेवटी पळणे व उड्या.

दुसऱ्या देशांतल्या युद्धविद्यांनीही हीच वाट धरलेली दिसते. चीनमध्ये ‘यी जिन जिंग’ नावाचा एक ग्रंथ आहे; त्याच्या नावाचाच अर्थ शरीरातल्या या दोरांचे परिवर्तन घडवणारा ग्रंथ असा आहे. भारतातून गेलेल्या बोधिधर्माने तो दिला अशी आख्यायिका आहे, पण अभ्यासक तो सतराव्या शतकातला मानतात. ओकिनावा बेटावरच्या कराटेत पेंढ्याची दोरी गुंडाळलेल्या लवचिक फळीवर मुठी मारण्याचा सराव असतो. फळी लवचिक, पेंढा मऊ, आणि सुरुवातीचे घाव हलके. आपल्याकडची उत्साही मुले मात्र चित्रपट पाहून पहिल्याच महिन्यात भिंतीवर मुठी आपटतात!

पण जुन्याचे गोडवे गाताना एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. जुन्या तालमीत आकड्यांचे वेडही होते. हजार बैठका, दोन हजार बैठका अशा फुशारक्या आपण ऐकलेल्या आहेत. ताज्या संशोधनाचे म्हणणे असे, की कंडरेला संख्येने फारसे काही शिकवता येत नाही. तिला भार समजतो. हलका ताण कितीही वेळा दिला तरी ती बदलत नाही. चांगला जड ताण, काही सेकंद टिकवून, मोजक्या वेळा दिला, तर तीन-साडेतीन महिन्यांत ती बदललेली दिसते. तेव्हा सावकाश म्हणजे हलके, असा अर्थ कोणी घेऊ नये. शंभर बैठका सुरळीत निघू लागल्यावर हजाराकडे धावण्यापेक्षा खांद्यावर बेताचे वजन घ्यावे, तीन आकडे मोजत खाली जावे, तीन आकडे मोजत वर यावे, आणि आठ-दहा बैठकांत थांबावे. आपल्याच तालमींत गळ्यात दगडी कडे अडकवून बैठका काढण्याची रीत होती, ती या दृष्टीने शहाणपणाची होती.

स्वीडनमधल्या आल्फ्रेडसन नावाच्या शल्यवैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली टाचेमागच्या कंडरेच्या जुनाट दुखण्यावर असाच एक साधा उपाय प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहायचे आणि दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली सोडायची. १५ वेळा, असे तीन फेरे. गुडघा सरळ ठेवून आणि किंचित वाकवूनही. हे दिवसातून दोनदा, १२ आठवडे. सोपे झाले की पाठीवर ओझे. शस्त्रक्रियेची वाट पाहणारी माणसे यातून पुन्हा पळू लागली. मला यातला बारा आठवड्यांचा आकडा महत्त्वाचा वाटतो. आठ दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडून देणाऱ्यांसाठी हे औषध नाही.

भाराइतकेच महत्त्व विसाव्याला आहे. जड मेहनतीनंतर कंडरेत काय घडते? पहिला एक-दीड दिवस तिच्यात झीज अधिक आणि भर कमी असते. नवे कोलॅजन विणण्याचे काम साधारण २४ तासांनी जोरात येते आणि ते तीन दिवसांपर्यंत चालू असल्याचे आढळले आहे. म्हणजे आज गुडघ्याला जड काम दिले आणि उद्या पुन्हा तेवढेच दिले, तर विणकर मागावर बसण्यापूर्वीच आपण सूत ओढले! यासाठी एकाच सांध्याची जड मेहनत लागोपाठच्या दोन दिवशी करू नये. मधल्या दिवशी हलके काम, डावांची उजळणी, चालणे असावे. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, हे आयुर्वेदाचे सांगणे मी असे समजतो, की दिवसाअखेर शरीराच्या पेढीत काही शिल्लक राहिली पाहिजे.

मात्र विसावा म्हणजे खाटेवर पडून राहणे नव्हे. गेल्या शतकाच्या सत्तरीत अमेरिकेत माकडांवर प्रयोग झाले. पाय ८ आठवडे जखडून ठेवले, तर गुडघ्याचे अस्थिबंध इतके दुबळे झाले, की पुढे वर्षभर मोकळे वावरूनही त्यांची ताकद पूर्णपणे परत आली नाही. म्हणून दुखावलेल्या सांध्याला डॉक्टर हल्ली लवकर, पण बेताने, कामाला लावतात. हाच न्याय सुट्टीला. परीक्षेसाठी, सुगीसाठी किंवा आजारपणाने दोन महिने मेहनत सुटली, तर परत आलेल्या पैलवानाने मनात जुना हिशेब धरू नये. ताकद जुनी असेल, नाडा नवा आहे. निदान सहा आठवडे तरी नवशिक्यासारखे काढावेत.

नाडा कुरकुरतो आहे हे ओळखावे कसे? मांस दुखते ते दुसऱ्या दिवशी सगळीकडे ठणकते आणि दोन-तीन दिवसांत जाते. त्याची चिंता नको. कंडरेचे दुखणे एका बोटाने दाखवता येते. सकाळी उठल्यावर पहिली पावले ताठरल्यासारखी पडतात; अंग तापले की दुखणे नाहीसे होते, आणि मेहनतीनंतर किंवा दुसऱ्या सकाळी परत येते. हे मधले नाहीसे होणेच फसवे आहे. पोरगा म्हणतो, “तापल्यावर दुखत नाही, म्हणजे काही नाही.” त्याने आजच्या गुडघ्याला न विचारता उद्याच्या सकाळी विचारावे. कालच्यापेक्षा आज सकाळी अधिक दुखत असेल, तर काल जास्त झाले. आणि सांध्यातून आवाज येऊन सूज आली, किंवा गुडघा चालताना दगा देऊ लागला, तर चोळणाऱ्याकडे न जाता अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे.

कुस्तीचा पट बदलला आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. लाल माती पायाखाली सरकते. पाय अडकला तरी ती थोडी वाट देते. गादीवर बूट घट्ट धरतो; वरचे अंग फिरते आणि मधला गुडघा पिळला जातो. आज महाराष्ट्र केसरीसाठी माती आणि गादी असे दोन्ही विभाग असतात, आणि खेड्यातला मुलगा मातीवरून एकदम गादीवर जातो. हा बदलही हप्त्याहप्त्याने व्हावा. पहिले काही आठवडे गादीवर नुसती पावले टाकणे, वळणे, एका पायावर तोल सांभाळणे एवढेच असावे.

दोन शब्द वयाविषयी. बारा ते पंधरा या वयात हाडे भराभर वाढतात आणि कंडरा जेथे हाडात रुजते, ती जागा कोवळी असते. अशा मुलाच्या गुडघ्याखाली दुखरा उंचवटा आला, तर तो कामचुकार आहे असे समजू नये. त्याच्या बैठका आणि उड्या कमी कराव्यात. पण घडण होते तीही याच वयात, म्हणून त्याला घरी बसवूही नये. दुसरे टोक म्हणजे आम्ही चाळिशीतले लोक. वर्षभर खुर्चीत बसतो आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी विद्यार्थ्यांबरोबर एकदम कबड्डीच्या पाटीवर उतरतो. टाचेमागची कंडरा तुटणाऱ्यांत या वयाचे हौशी पुरुष फार असतात, हे माझ्या वयाच्या श्रोत्यांनी ऐकून ठेवावे.

शेवटी खुराकाबद्दल. कोलॅजन नीट विणले जाण्यासाठी क जीवनसत्त्व लागते. ते न मिळाल्याने खलाशांच्या भरलेल्या जुन्या जखमाही पुन्हा उघडत, आणि लिंबू-संत्र्यांनी तो रोग बरा होतो हे जेम्स लिंड या वैद्याने १७४७ साली प्रयोगाने दाखवले. दूध-बदामावर भर देणाऱ्या पैलवानाने आवळा, लिंबू, पेरू यांना विसरू नये. पायाचे सूप अवश्य प्यावे, पण ते सरळ गुडघ्यात जाऊन बसते असे मानू नये. पोटात ते इतर अन्नासारखेच पचते. आणि अंग झटपट भरण्यासाठी म्हणून कोणी इंजेक्शन किंवा गोळ्या देऊ केल्या, तर त्या दारातून परत फिरावे. अशा औषधांनी बैल आणखी माजतात, नाड्याला त्याचा लाभ होत नाही, आणि ती घेणाऱ्यांच्या कंडरा तुटण्याचे प्रमाण अधिक आढळले आहे. इतर अवयवांची हानी होते ती निराळीच.

श्रोतेहो, आपल्या खेड्यांतून पैलवान घडवायला सारे घर राबत असते. बाप दूध राखून ठेवतो, आई पहाटे उठते, थोरला भाऊ शेत बघतो. एवढ्या सगळ्यांची वर्षे एका गुडघ्यावर उभी असतात. म्हणून यात्रेच्या कुस्तीची तारीख ठरवताना घरच्यांनी पोराला ‘तुझ्यात ताकद किती आली’ एवढेच न विचारता ‘मेहनत खंड न पडता किती महिने झाली’ हेही विचारावे. वस्तादांनी हाती फावडे दिले तर पोराने रुसू नये. आणि वस्तादांनीही, पोरगा आडमाप ताकद दाखवू लागला की त्याला पुढे ढकलण्याऐवजी थोडे मागे धरावे; जपायची वेळ तीच असते. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.